छप्पर नसलेल्या चर्चचं गाऱ्हाणं

देवळात गेलं की पाया पडावं लागतं, म्हणून मी नास्तिक माणूस सुट्टीत जुनी चर्चं, सिनेगॉग, बुद्धलेणी बघत हिंडायचो. तिथं नुसतं छताकडे बघत उभं राहिलं तरी चालतं.

१९८० नंतर कधीतरी रत्नागिरीहून एसटीनं दापोलीला गेलो, इंग्रजांच्या वेळचं एक चर्च बघायला. त्याला छप्परच नव्हतं. भिंतीला म्हैस जाईल एवढं भगदाड, पण दाराला मात्र कुलूप. मी भगदाडातून शिरणार, तेवढ्यात शेजारच्या वाडीतला एक म्हातारा गवताचा भारा टाकून धावत आला.

"चोरासारखे काय शिरता? दार हाय ना!"

कुठनं, कसे आलात ते विचारत त्यानं करगोट्याला बांधलेली किल्ली काढून कुलूप उघडलं.

"तुम्ही ख्रिस्ती?" मी विचारलं.

"छ्या! सायब गेले नि देवाला हितंच टाकून गेले. कुणीतरी बघायला नको?"

मग उंबऱ्याशी हात जोडून त्यानं ग्रामदेवतेपुढे घालतात तसं गाऱ्हाणं सुरू केलं. दर वाक्याला मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं होतं.

"मी देव मानत नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

त्याचा सूरही हलला नाही. "बा म्हाराजा, हे पाव्हणे रत्नागिरीवरनं आलेत. तुला मानत न्हाईत. पण एसटीत हाडं खिळखिळी करून तुलाच बघायला आलेत. मानणारा तर एक येत न्हाय. तवा ह्यांनाच आपलं म्हण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्यानं ओरडलो, की भिंतीवरची कबुतरं उडाली.