लाल रंगाखालचा निळा

मंडळी, आज दुपारी करावे गावात आमच्या गाडीला टेम्पो घासला. तीच ती, पप्पांची जुनी दोन सीटची, उघड्या टपाची लाल स्पोर्ट्स कार. साठच्या दशकात शेठ कायमचे परदेशी गेले, तेव्हा ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे पप्पांना, देऊन गेले.

मी आईला भेटायला गेले होते. टेम्पोवाला रिव्हर्स घेत होता. "सॉरी मॅडम, दिसलीच नाय." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग वाकून बघितलं. दारावर वीतभर ओरखडा, आणि लाल रंगाखाली चक्क निळा.

आई काठी टेकत बाहेर आली. त्यावर बोट फिरवून म्हणाली, "ह्यो आपल्या होडीचा रंग हाय. तुज्या बापसाने लावलेला."

तेव्हा आठवलं. मी लहान असताना हेच दार खाडीच्या बांधाला घासलं होतं. नारळी पुनवेआधी होडी रंगवायची म्हणून अंगणात डबा उघडाच होता. पप्पांनी त्याच ब्रशने दारही रंगवून टाकलं. अख्खं गाव हसलं. पुढे माझ्या लग्नाआधी त्यांनीच गाडी पुन्हा लाल करून घेतली आणि तो निळा मी विसरूनही गेले.

आज त्या निळ्यात ब्रशचा एक केस अडकलेला दिसला.

पेंटर म्हणतो, उद्या आणा, सगळं घासून नवीन करून देतो. पप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांचा हात फिरलेली एवढीच जागा आता माझ्याकडे उरली आहे.

तुम्ही नेली असती का गाडी?