उघडं कडं

मी जुन्नरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि चुकीचं बोललेलं मला खपत नाही. प्युरिनला, म्हणजे डीएनएतल्या एका प्रकारच्या घटकाला, शर्करेचं कडं जोडलं की तो न्यूक्लिओसाइड. ॲसायक्लोव्हिर या औषधापाशी दरवर्षी वर्गात वाद होतो. त्यात ग्वानिन हे प्युरिन आहे, पण शर्करेचं कडं अर्धवट, उघडं. मुलं म्हणतात, सर, न्यूक्लिओसाइडच म्हणू, चालतंय की. मी म्हणतो, चालत नाही. कडं नाही तर न्यूक्लिओसाइड नाही, फार तर त्याच्यासारखा. शेजाऱ्याला घरचा म्हणू नये.

मागच्या वर्षी तळेघरला आत्याला नागीण झाली. आईमागं मला हिनंच वाढवलं. कळताच मी शिनोलीवरून मिळेल त्या गाडीनं वर गेलो. फोड बेंबीपासून उजव्या अंगानं पाठीकडे सरकले होते. ते आणखी सरकू नयेत म्हणून शेजारणीनं फोडांपुढे गेरूची रेघ ओढून ठेवली होती. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एक झालं की माणूस जातो, असं आमच्याकडे मानतात. दवाखान्यातल्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या उशाशी तशाच पडून होत्या.

"कडं मिटत आलंय रं. आता गोळ्या कशाला?"

"नागीण एकाच अंगाला राहते, आत्या. पाठीचा कणा ओलांडतच नाही." मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला भीती वाटत होती. या गोळ्या वेळेत घेतल्या तरच नीट लागू पडतात.

शेवटी चुलीतला कोळसा घेतला आणि तिच्यापुढे सारवलेल्या भुईवर ग्वानोसिन, म्हणजे ग्वानिनचा खरा न्यूक्लिओसाइड काढला, मिटलेल्या कड्याचा. शेजारी गोळीतलं औषध, उघड्या कड्याचं. म्हटलं, "रोगाचा जंतू याला आपलाच मणी समजून माळेत ओवतो. मग पुढचा मणी ओवायला जागाच राहत नाही. माळ तिथंच थांबते, जंतू वाढत नाही."

ती कोपरावर उठून बघत राहिली.

"म्हंजी ह्या गोळीचं कडं उघडंच?"

"उघडंच."

"मग माजंबी मिटायचं न्हाई."

"तसं नव्हे, आत्या," असं म्हणून मी सुरू करणार, तोवर तिनं गोळी घ्यायला पाणी मागितलं.

फोड वाळले. मी हरखून गेलो, वर्गात ते चित्र जरा जास्तच डौलात काढू लागलो. पण आग कातडीखाली तशीच राहिली. दुखावलेल्या नसा म्हाताऱ्या माणसाला कधीकधी सोडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. लुगड्याची गाठ तिला कमरेला सोसेना. भात काढायला ती यंदा खाचरात उतरली नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा ती गाठ हातात धरून उभी होती, बांधायचं धाडस होत नव्हतं. मी ती सैलसर बांधून दिली. तरी तिचे डोळे भरून आले.

"तवा मिटू द्याया पायजे व्हतं कडं," ती म्हणाली. "सुटले असते."

ते तसंही मिटलं नसतं. मला ते पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी मी तिचं म्हणणं दुरुस्त केलं नाही.