मामांना पाण्यातला मासा पाहायचा होता

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे नऊ. नागभीडपासून अर्ध्या तासावरच्या मामांच्या गावच्या तलावाच्या पाळीवर हजर: मामा, वय अडुसष्ट, मामी, वय विचारलेलं आवडत नाही, मी, त्यांची भाची, चंद्रपुरात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते, धुणं धुणाऱ्या तिघी जणी, आणि मामांचे जुने जोडीदार, जे मदतीला म्हणून आले आणि शेवटपर्यंत फक्त हसत बसले. सामान: पाण्यात डोळ्यांवर लावायचा काचेचा मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी, टॉवेल दोन, डोळ्यांत टाकायचे थेंब, फ्लास्कमध्ये चहा.

"काऊन गा, कोरोना पुन्हा आला का?" मास्क बघून जोडीदारांनी विचारलं.

"चूप राह्य."

"अन् हे नळी? तलाव उपसून राह्यला का?"

"अंदमानले जाऊन राह्यलो," मामा म्हणाले.

"अंदमानले! कोणाचा खून केला गा?"

धुणाऱ्या बायांनी कपडे बाजूला ठेवले. त्यानंतर त्या दिवशी फार काही धुतलं गेलं नसावं.

आधी कारण सांगते. दिवाळीच्या सुमारास मामा पाळीवरून चालताना बाजूने आलेल्या सायकलला धडकले. आठ दिवसांनी दुसऱ्या सायकलला. जेवताना उजवीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांना दिसत नव्हता, समोर सरकवला की दिसायचा. मी त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी दोन तास तपासलं आणि काचबिंदू आहे असं सांगितलं. नजर कडेकडून आत आक्रसत येते. गेलेली परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येते, पण किती वर्षं, याची हमी नाही. मी सगळं लिहून घेतलं.

घरी येताना मी मामांना विचारलं, "काही पाहायचं राहिलंय का? सांगा, मी नेते." एखाद्या तीर्थाचं नाव येईल अशी माझी तयारी होती.

"मासा पाहाचा हाये."

"मासा?"

"पाण्यातला. जिता. जिनगीभर पाण्यातून काढला, पन पाण्यात कसा राह्यते ते पायलंच नाई."

आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्याकडचं तलावाचं पाणी म्हणजे दूध घातलेला चहा. बांधींतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, येणारी माती त्यात कायम मिसळलेली. वीतभर खालचं दिसत नाही. त्यामुळे मामांचं सगळं काम हाता-पायांनी चाले. चिखलात पाय सरकवायचे, तळव्याला काही हललं की बुडी मारून दोन्ही हातांनी दाबायचं. मरळ असेल तर गुळगुळीत आणि जड, शेंगाळा असेल तर काट्याला जपून. खाली बुडालेल्या झाडाच्या खोडाला अडकलेलं जाळं सोडवायला सगळं गाव मामांनाच बोलवायचं. माझ्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी ते दहावी मी मामांकडे राहिले, त्यांनी धरलेले मासे खाऊन शिकले. मला पोहायलाही त्यांनीच शिकवलं, त्याच तलावात. त्यांच्या माशाची सोय बघणं माझ्याकडे आलं यात मला काही विशेष वाटत नाही. ते येणारच होतं.

स्वच्छ पाणी कुठे आहे याची चौकशी केली. नितळ, उथळ, मासे भरपूर आणि वयस्क माणसाला झेपेल असं म्हणून अंदमान ठरलं. डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाकासकट झाकणारा सैल मास्क चालेल, पोहण्याचे घट्ट छोटे चष्मे नकोत. वरवर तरंगायचं, खोल बुडी अजिबात नाही. थेंब चुकवायचे नाहीत. त्यांना सरळ नाही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

तर तो सराव. मामांनी मास्क लावला, नळी दाताखाली धरली आणि पाण्यावर पालथे पडले. दहा मिनिटांत नळीने श्वास घेणं जमलं. वीस मिनिटं ते तलावाच्या कडेकडेने असे तरंगत राहिले, की जोडीदारांनी विचारलं, "हा गेला त नाई ना?"

"असा जाते व्हय!" मामी म्हणाली. "अजून लय दिवस डोकं खाते हा बुढा."

मी वहीत लिहिलं, सराव पूर्ण. ते किती अपूर्ण होतं हे कळायला तीन आठवडे लागले.

फेब्रुवारीत निघालो. बल्लारशाहून चेन्नईची गाडी, तिथून विमान, मग बोट. थेंबांची वेळ मी मोबाइलवर लावली होती. ती एकदाच टळली, चेन्नईच्या विमानतळावर सामानाच्या गोंधळात, दोन तासांनी. मामीला विमानात काही झालं नाही, बोटीत फार झालं. मामा बोटीच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांनी हात खाली करून उडणारं पाणी चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पाणी, अन् एक घोट कामाचा नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी एका लहान बेटाच्या किनाऱ्यावर आम्ही तिघं. सोबत पाण्यात नेणारी बाई होती. चाळिशीची, रापलेली, बेटावरच जन्मलेली, हिंदी बोलणारी. तिने मामांना फुगीर जॅकेट घालायला दिलं. मामांचा अपमान झाला.

"मले पाणी बुडू देत नाई, बाई."

"दादा, नियम है."

"घाला ना गपचूप," मामी वाळूवरून म्हणाली. "घरी माह्यं आयकत नाई, इथी तरी हिचं आयका."

दुसरा नियम जास्त कठीण होता. खाली कशालाही हात लावायचा नाही, पाय टेकवायचा नाही. खालचे खडक जिवंत असतात, मोडले तर पुन्हा वाढायला वर्षं लागतात. तिने एक तरंगणारी लाल रिंग मामांच्या दोन्ही हातांत दिली, दोर स्वतःच्या मनगटाला बांधला. मामा माझ्या कानाशी आले. "हात बांधले त मासा पाहू कसा?" मला ते बोलणं गमतीचं वाटलं.

छातीभर पाण्यातून पुढे गेलो. पाणी इतकं नितळ, की माझ्या पायाची नखं दिसत होती. मामांनी मास्क लावला, तोंड पाण्यात घातलं. मिनिटभराने वर आले.

"काई दिसत नाई."

बाईने काच धुऊन दिली. मामांनी पुन्हा डोकं घातलं. मी शेजारीच होते. माझ्या खाली पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा होता, इतका जवळ, की मी पोट आत घेतलं. मामा वर आले. नळी काढली.

"काळं हाये, पोरी. पुरं काळं."

चेन्नईचे ते दोन तास मला आठवले. मग दिवाळीतले ते आठ दिवस आठवले. पहिली सायकल धडकली तेव्हाच न्यायला हवं होतं, मी दुसरीपर्यंत थांबले. सगळं लिहून ठेवणाऱ्या माझ्याकडून नेमकी ती पहिली धडक लिहायची राहिली होती.

"दिसलं का वो?" मामीने किनाऱ्यावरून ओरडून विचारलं. मामा हळूच म्हणाले, "जाऊ दे. तू पाय. मंग मले सांगजो."

मी म्हटलं, "एकदा अजून."

मामांनी माझ्यासाठी म्हणून तिसऱ्यांदा डोकं घातलं. तेवढ्यात ती बाई सुळकन पाण्याखाली गेली, उताणी झाली आणि खालून मामांच्या मास्कमध्ये पाहू लागली. वर आली ती खोकत. मला वाटलं तिच्या नाकात पाणी गेलं. ती हसत होती.

"दीदी! दादा ने आँखें बंद कर रखी हैं!"

मामांना मी थोपटून वर काढलं. "मामा, तुम्ही डोळे मिटून घेता?"

"मंग?" मामा म्हणाले. "पाण्यात डोळे उघडतेत का कोनी?"

साठ वर्षं गढुळात बुड्या मारलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. डोळ्यांत माती जायची, काडी जायची, म्हणून पाणी लागताच डोळे मिटायचे हे त्यांच्या अंगात बसलेलं. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, आधी डोळे मीट, मग बुडी मार. तलावातल्या सरावाला त्यांनी वीस मिनिटं डोळे मिटूनच काढली होती, आणि मी पाळीवर उभी राहून बरोबरची खूण केली होती.

मामीला मी ओरडून सांगितलं. ती आधी रडली, मग बोलली ते लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की त्यात मामांच्या आईचाही उल्लेख होता.

डोळे उघडणंही सोपं नव्हतं. पाणी काचेला लागलं की मामांच्या पापण्या आपोआप बंद होत. तेव्हा त्या बाईने युक्ती केली. ती पाण्याखाली मास्कसमोर बोटं धरायची आणि मामांनी वर येऊन आकडा सांगायचा. पहिल्यांदा मामा अंदाजाने म्हणाले, तीन. चूक. दुसऱ्यांदा म्हणाले, दोन. तिसऱ्यांदा पाण्यातच त्यांनी रिंगेवरची चार बोटं उचलली. बरोबर होतं. तिने हळूच आपला हात बाजूला केला.

मामांचं अंग एकदम स्तब्ध झालं. मग नळीतून आवाज आला. नळीत ओरडलं की शब्द कळत नाहीत, पण मला तो आवाज माहीत आहे. मोठी मरळ हाताला लागली की ते असंच ओरडायचे.

चाळीस मिनिटं आम्ही फिरलो. निळा-हिरवा एक मासा खडक कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. एक लांबट, चपटा मासा मामांच्या तोंडासमोर येऊन थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. कडेने आलेला मासा मामांना उशिरा दिसायचा, मग ते मान वळवून त्याचा माग काढायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मास्क लावल्यावर मलाही कडेचं काही दिसत नव्हतं. काचेबाहेर दोन्ही बाजूंना काळं. मामा रोज पाळीवरून असंच चालतात. मी त्यांना कितीदा म्हटलं होतं, नीट बघून चाला ना. त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही.

किनाऱ्यावर आल्यावर मामा वाळूत बसले. मामीने त्यांचं डोकं पुसलं, जरा जोरातच.

"काय पायलं?"

"मासा मागं जाते," मामा म्हणाले.

"म्हंजे?"

"अवं, न वळता. तोंड तिकडंच, अन् मागं सरकते. हे बाजूचे दोन पंख असे उलटे हालवते." त्यांनी दोन्ही तळहात कानांजवळ धरून दाखवले. "साठ वर्ष मले वाटे, हातातला मासा वळून पळते. म्हणून मी पुढची बाजू दाबो. तो त मागून निंगून जाये!"

"म्हंजे तुमाले जिनगीभर मासा धरताच आला नाई," मामी म्हणाली.

"अर्धाच आला," मामांनी कबूल केलं. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

त्या बाईला काय द्यावं कळेना. मामीने पिशवीतून घरचे तिळाचे लाडू काढले. तिने उभ्याउभ्या दोन खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. मी तिला म्हटलं, तुम्ही खाली जाऊन पाहिलं नसतं तर आम्ही रडत परत गेलो असतो. ती म्हणाली, तोंड पाण्यात घातलं की सगळे खाली बघतात, मी माणसाकडे बघते, माझं कामच ते. मला हे वाक्य आमच्या कार्यालयात लावावंसं वाटतं.

परत आल्यावर मार्चमध्ये मामांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांतला दाब आटोक्यात आहे, नजर आहे तेवढीच आहे, कमी झालेली नाही. मामांनी त्यांनाही तळहात हलवून दाखवले. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना डॉक्टर बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "यांची भावंडं? हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. त्यांना सुरुवातीला काहीही कळत नाही. सगळ्यांचे डोळे तपासून घ्या."

मामांची भावंडं दोनच. माझी आई आता नाही, म्हणून तिच्या वाटची तपासणी मी करून घेतली. सध्या ठीक आहे, वर्षाने पुन्हा यायला सांगितलंय. राहिले धाकटे मामा. ते आलापल्लीला असतात, लाकूड डेपोतून निवृत्त झालेत, अजून मोटारसायकल चालवतात.

मी तीनदा तारीख ठरवली. पहिल्यांदा लग्न निघालं, दुसऱ्यांदा धान भरायचं होतं. तिसऱ्यांदा फोनवर स्पष्टच म्हणाले, "मले सगळं दिसते, बाई. कायले येऊ तिथी?"

"मोठ्या मामांनाही सगळं दिसत होतं," मी म्हटलं.

"त्याचं वेगळं हाये."

काल मोठ्या मामांनी स्वतः फोन लावला. पंधरा मिनिटं बोलले, त्यातली दहा माशाबद्दल. धाकटे मामा म्हणाले, पाहू. येत्या शनिवारी मला सुट्टी आहे. पहाटेच्या गाडीने आलापल्लीला जायचं, त्यांना सोबत घेऊनच परत यायचं. डॉक्टरांकडे नंबर लावून ठेवलाय. धाकट्या मामांना अजून सांगितलेलं नाही.