खाली ठेवलेली पेली

मुफलिहच्या कॉफीवर मिटलेली भांडणं मोजायला बसलात तर शंभरावर भरतील. करक शहराच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणाची गाडी कुणाच्या पोराला लागो, नाहीतर बांधावरून डोकी फुटोत, तडजोडीची बैठक ठरली की कॉफीचे दाणे भाजायला बोलावणं मुफलिहलाच. मागणं घेऊन आलेला वडीलधारा पेली हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. यजमान "प्या, तुमची कॉफी प्या" म्हणाला की मागणं मान्य. कुणी यजमान आढेवेढे घेऊ लागला की मुफलिह हळूच कानाशी लागायचा, "अरे निवतेय, म्हणून टाक की!" चाळीस वर्षांत आपण एकही पेली निवू दिली नाही, याचा त्याला भारी तोरा होता.

बायको गेल्यावर घरात तो आणि लेक शुरूक, दोघंच. शुरूक मुलींच्या शाळेत शिक्षिका. त्या वर्षी शालान्त परीक्षेच्या वेळी तिने एका मुलीच्या डोक्याच्या रुमालाखालून उत्तरं ऐकायचं कानातलं यंत्र काढलं आणि नियमाप्रमाणे वर कळवलं. मुलीचं वर्ष गेलं. त्याच संध्याकाळी मुलीचा भाऊ कुसय याने गावाच्या फेसबुक पानावर शुरूकचा फोटो टाकून लिहिलं, "बाई दोनच्या पांढऱ्या बसने बेकरीपाशी उतरतात. ॲसिडची बाटली भरून ठेवलीय. हा चेहरा शेवटचा बघून घ्या." खाली दोनशे जणांनी हसरी तोंडं चिकटवली. त्यात मुफलिहची दाढी करणारा न्हावीसुद्धा होता. लाज कशाशी खातात, ते त्या दोनशे जणांना कुणी शिकवलं नसावं.

शुरूक तडक पोलिसांत गेली. कुसयला उचललं. आणि गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तीस माणसं घेऊन कुसयच्या वतीने शेख नहार दारात हजर. मुफलिह जन्मात पहिल्यांदाच यजमानाच्या गादीवर बसला होता.

शेखने पेली खाली ठेवली. "मुफलिह, पोरगं आहे. बोटं चालली, डोकं चाललं नाही. तुरुंगात गेला तर पक्का गुंड होऊन येईल. त्याच्या आईने तीन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. पोरीला सांग, तक्रार मागे घे."

शेख खोटं बोलत नव्हता. मुफलिहला त्या आईची दया आली. स्वयंपाकघराच्या पडद्याआड शुरूक उभी होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पेलीवरची वाफ तेवढी पाहिली.

"प्या, तुमची कॉफी प्या," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर शुरूक बाहेर आली. "बाबा, मला विचारायचं तरी!"

"तीस माणसं दारात, पोरी. कॉफी निवत होती."

"धमकी चव्हाट्यावर दिली आणि माफी तुमच्या बैठकीत! अन् चेहरा कुणाचा जाणार होता? तुमचा?"

"शब्दच तर होते गं ते."

"तुमचाही शब्दच आहे ना? मग मोडा तो!"

बापाची पिकली दाढी गावात खाली जाऊ नये म्हणून तिने दुसऱ्या दिवशी कागदावर सही केली. कुसय सुटला, येऊन मुफलिहच्या कपाळाचं चुंबन घेऊन गेला. त्याने पुढे तिच्या केसालाही धक्का लावला नाही, हे मी कबूल करतो. पण रोज दोनच्या सुमाराला तो बेकरीपाशी चहा पीत उभा असतो. नुसता उभा. उभं राहण्याला कोण अडवणार?

शुरूक दोन थांबे आधी उतरू लागली. उन्हातान्हात टेकडी चढून यायची. मग एक दिवस तिने तोंडावर काळं कापड घेतलं, फक्त डोळे उघडे. तिच्या आईने नाही, आजीने नाही, घरात कुणीच कधी तोंड झाकलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, पोरगी देवाला लागली. मुफलिहला खरं काय ते ठाऊक होतं. बाटलीतलं आधी कापडावर पडावं, एवढाच त्यातला धर्म. ते कापड वाळत पडलेलं दिसलं की तो ताट सारून उठायचा.

परवा ती घामाने चिंब होऊन आली. कापड सोडलं, बापासमोर बसली. त्याने नेहमीसारखी पेली भरून पुढे केली. तिने ती घेतली आणि न पिता जमिनीवर ठेवली.

आधी त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग तिचा चेहरा दिसला आणि त्याने किटली खाली ठेवली.

"बोल पोरी," तो म्हणाला, "काय मागणं आहे?"

"मला बेकरीपाशी उतरायचंय, बाबा. तोंड उघडं ठेवून."

'पी, तुझी कॉफी पी' म्हणायला मुफलिहने तोंड उघडलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी घातलेले शब्द त्याच्या घशाबाहेर येईनात. दोघं समोरासमोर बसून राहिली, आणि मधली पेली निवून गेली.