आधी आईचं ताट

गुढियारीतल्या आमच्या गल्लीत टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरायला लागल्या, की त्याचे दोनच अर्थ असतात. लग्नाचे दिवस नव्हते. मी बाजारातून येत होते, हातात भाजीची पिशवी होती, आणि खुर्च्या निर्मलाताईंच्या फाटकासमोर मांडल्या जात होत्या... त्यांचा सुनील पायरीवर बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "काकू, मम्मी चली गई। आपको फोन करने ही वाला था।" घरात मराठी ऐकत वाढलेला हा मुलगा उत्तर मात्र नेहमी हिंदीतच द्यायचा, आणि ताई त्याला दर वेळी टोकायच्या. त्या दिवशी टोकायला कोणी नव्हतं. मी पिशवी तिथंच पायरीवर ठेवली आणि आत गेले.

आता दीड महिना झाला. ताईंविषयी लिहायचं तर त्यांनी काही मोठं काम केलं, असं सांगता येणार नाही. त्यांनी संस्था काढली नाही, कधी भाषण केलं नाही. त्यांनी मला जेवायला शिकवलं, एवढंच. लहान मुलाला शिकवतात तसं.

आम्ही रायपूरला आलो तेव्हा छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं. जुन्या पाट्या जाऊन नव्या लागत होत्या, लाल दिव्यांच्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि जो तो जमिनीच्या भावाचंच बोलायचा. माझ्या यजमानांना सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात स्टोअरची नोकरी लागली होती. हिंगणघाटचं बिऱ्हाड उचलून आम्ही ताईंच्या माडीवरच्या दोन खोल्यांत उतरलो. ताईंचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, पिढ्यान्‌पिढ्या रायपुरातलं. त्यांची मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि त्या रागावल्या की थेट छत्तीसगढीत उतरायची. उंच, सावळ्या, आवाज असा की भाजीवाला दोन गल्ल्यांआधीच सावध व्हायचा. पहिल्याच दिवशी त्या वर आल्या, विचारलं नाही-सांगितलं नाही, आणि माझ्या गंजाचं झाकण उचलून म्हणाल्या, "बस, एवढीच भाजी? अन् तू काय खाशील?" मला राग आला होता. घरमालकीण म्हणून काय स्वयंपाकघरात शिरायचं? ही खोड त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. त्यामुळे गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी त्यांच्याशी बोलणंही सोडलं होतं.

मी तेव्हा काय खात होते? सकाळी उभ्या उभ्या चहा. मग मुलीचं, यांच्या डब्याचं, धुण्याचं आवरता आवरता पुन्हा चहा. दुपारी मुलीच्या ताटात राहिलेला वरणभात, रात्रीची शिळी पोळी, गंजाच्या बुडाशी लागलेली भाजी. धाकटा अंगावर पीत होता. मला कोणी उपाशी ठेवत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. यजमान भले माणूस आहेत. पण माझ्या आईनं असंच खाल्लं, सासूबाईंनी असंच खाल्लं, म्हणून मीही. थकवा यायचा, जिना चढताना छाती भरून यायची, केस मूठमूठ गळायचे. लहान मूल आहे, असं होतंच, असं मी म्हणायचे.

पाणी खालच्या नळाला यायचं. एका सकाळी भरलेली बादली घेऊन मी जिना चढत होते आणि अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारलं. बादली गडगडत खाली गेली, एवढं आठवतं. शुद्ध आली तेव्हा माझं डोकं ताईंच्या मांडीवर होतं आणि त्या पदरानं वारा घालत कोणावर तरी ओरडत होत्या. बाळ माझ्या कडेवर नव्हतं, ही देवाची कृपा...

त्याच दिवशी त्यांनी मला समता कॉलनीतल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला घेतलं आणि म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, बाळाला पाजता, खाता काय? मी म्हटलं, "सगळंच खाते."

"खोटं बोलून राहिली हे," बाजूच्या खुर्चीवरून ताई म्हणाल्या. "सगळ्यांचं उरलं ते खाते."

मी मान खाली घातली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुन्हा यायला सांगितलं. औषधाच्या दुकानात शक्तीच्या पावडरीचा एक मोठा डबा मांडलेला होता, त्यावर गुटगुटीत मूल घेऊन हसणारी बाई. मी तो हातात घेतला. ताईंनी तो काढून परत फळीवर ठेवला. यांच्या कारखान्याची भट्टी त्याच महिन्यात बंद पडली होती आणि पगार कधी होईल ते कोणी सांगत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. "गोळ्या घे, डॉक्टरनं लिहिल्या त्या चुकवू नको. डब्बा राहू दे. अन् एक ध्यानात ठेव, गोळी पोळीचं काम नाही करत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आपलं वाढलेलं ताट घेऊन जिना चढून वर आल्या. ताट जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझं घे. एकटीनं खाणं होत नाही मले." ते खोटं होतं हे मला नंतर कळलं. खाली त्यांचे यजमान जेवायचे थांबले असायचे, त्यांना एकट्याला वाढून त्या वर येत. पण तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना सोबत हवी असेल. आपण कोणावर तरी उपकार करतोय या भावनेनं मी रोज ताट वाढून घेऊ लागले. उरलेलं नाही, ताजं. बसून, मांडी घालून. पहिले काही दिवस मला ते ताट बघून चोरी केल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या ताटात भारी काही नसायचं. माठाची लाल भाजी, अंगणातल्या मुंग्याचा पाला, म्हणजे आपल्या शेवग्याचा, भिजवलेले चणे, जवसाची चटणी, लिंबाची फोड. भाजी लोखंडी कढईत व्हायची आणि त्या म्हणायच्या, लिंबू पिळल्याशिवाय खाऊ नको, अन् जेवणावर चहा पिऊ नको, खाल्लेलं वाया जाते. चहा हा त्यांचा स्वतःचा कमकुवत कोपरा होता. सारखा हवा असायचा, पण जेवणानंतर बऱ्याच वेळानं, घड्याळाकडे बघत, चडफडत प्यायच्या. उन्हाळ्यात त्या मला इथलं बासी खायला लावत, रात्री पाण्यात घातलेला भात सकाळी कांद्यासोबत. मी नाक मुरडलं होतं. वैदर्भीय माणसाला फोडणीचा शिळा भात चालतो, पाण्यातला कसा चालावा? पण मे महिन्यात त्या भातानं पोटाला जो थंडावा दिला तो आठवला की अजून बरं वाटतं. बादली अर्धीच भरायची, दोन खेपा झाल्या तरी चालतील. संध्याकाळी भाजीला पायी जायचं, आणि जाताना घाई करायची नाही. दुपारी बाळ निजलं की भांडी तशीच ठेवून आपणही आडवं व्हायचं. "भांडे पळून नाही जात," त्या म्हणायच्या. "आजपर्यंत कोणाचे गेले नाहीत."

असं सगळं बरं चाललं असताना सासूबाई आल्या. भट्टी अजून बंदच होती, हे दुपारी घरीच असायचे आणि कामाच्या शोधात कधी बाहेर पडले तर उशिरा यायचे. त्या दिवशी हे यायचे होते, आणि मी व ताई जेवायला बसलो होतो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"काहून वं? नवरा उन्हातानात फिरून राहिला, अन् तू आधी गिळून राहिली?"

माझा हात ताटातच थांबला. मी उठायला लागले. ताईंनी माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं.

"मावशी," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली मी पहिल्यांदाच ऐकला, "तुम्ही सकाळपासून काय खाल्लं?"

"माझं काय? म्हाताऱ्या माणसाले काय लागते?"

"म्हणजे काही नाही ना? मंग या, बसा."

"मी पोराच्या आधी नाही जेवत. आमच्यात नाही तसं."

"माझ्या आईच्यातही नव्हतं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही तोवर माहीत नव्हतं. त्यांच्या घरी मोठं कुटुंब, आई सगळ्यांना वाढून चुलीपाशी जे उरेल ते खायची, पुष्कळदा उरायचंच नाही. ताई शाळेत होत्या तेव्हा आई बाळंतपणात गेली. "लोक आले, रडले, म्हणाले अन्नपूर्णा होती बाई, अन्नपूर्णा. मी लहान होती, पण तेव्हापासून विचारून राहिली मावशी... अन्नपूर्णा होती, तर उपाशी कशी गेली?"

हे तेवढ्यात जिना चढून आले होते आणि चपला काढता काढता दाराबाहेरच थांबले होते, ते आम्हाला दिसलंच नव्हतं. ते आत आले, हात धुतले, फडताळातून ताट काढलं आणि त्यात वाढायला लागले. यांनी जन्मात कधी वाढलं नव्हतं; भात इतका घातला की ताटाबाहेर सांडला. मला वाटलं स्वतःसाठी घेताहेत. त्यांनी ते ताट आईसमोर ठेवलं. म्हणाले, "बस आई." सासूबाई त्या ताटाकडे बघत किती तरी वेळ उभ्या होत्या. मग भिंतीला धरून हळूहळू बसल्या आणि मान वर न करता जेवल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी हाये."

"हव, कमीच हाये," ताई म्हणाल्या. "जास्त मिठानं बीपी वाढते." आणि दोघी हसल्या. पुढे सासूबाई महिनाभर राहिल्या आणि दुपारी ताई यायला उशीर झाला तर त्याच जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारायच्या.

माझं रक्त हळूहळू भरलं. भट्टी पुन्हा पेटली, पगार सुरू झाले. काही वर्षांनी मागच्याच गल्लीत आम्ही आपलं घर बांधलं. घर बदललं तरी दुपारचं जेवण बरोबर, कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे. त्यांचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस मी ताट घेऊन जात होते. त्या खायच्या. रडत रडत खायच्या, पण खायच्या.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांना जेवण जाईना. पोटात गाठ निघाली, आणि ती फार पुढे गेलेली होती. ज्या बाईनं आयुष्यभर तळलेलं मोजून खाल्लं, रोज चालली, तिला हे व्हावं... माझा देवावरचा राग अजून गेलेला नाही. समाचाराला येणारी माणसंही तेच बोलायची. एक दूरच्या नातेवाईक बाई तर त्यांच्या खाटेजवळ बसूनच म्हणाल्या, एवढं सांभाळलं निर्मलाबाईंनी, काय फायदा झाला? मी चिडून काही बोलणार होते. ताईंनी डोळे उघडले.

"मरू नये म्हणून थोडीच खाल्लं मी?" त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "जितके दिवस जगली, तितके दिवस हातपाय चालले. कोणाले पाणी नाही मागितलं. हा फायदा."

शेवटच्या दिवसांत दोन चमचे पेज, तीही कधी कधी. मला त्यांच्यासमोर जेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी घरून जेवून जायचे. हे त्यांनी लगेच ओळखलं. "इथं आणून खा," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. "अगं, खा ना. मले आता बघूनच चव येते." म्हणून मी ताट नेऊ लागले. त्यांच्या खाटेशी खाली बसून एकेक घास खायचे, आणि त्या उशीवर मान कलती करून बघायच्या. मध्येच विचारायच्या, "लिंबू पिळलं का?" मी रोज ताट संपवत असे, कारण ते संपलं की त्या डोळे मिटून घेत आणि चेहऱ्यावर खरोखर जेवल्यासारखं समाधान येई. आदल्या दिवशीही तसंच झालं. फक्त लिंबाचं विचारायचं राहून गेलं...

त्या गेल्यावर दुपार मला नकोशी झाली. खोटं कशाला सांगू, मधले काही दिवस मी पुन्हा उभ्यानं चहा पिऊन वेळ मारून नेली. यजमान आता निवृत्त आहेत, ते म्हणायचे जेव, मी हो म्हणायचे. मुलं बाहेरगावी.

मागच्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. सुनीलची बायको रश्मी, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. ही बिलासपूरची, मराठी समजते पण बोलायला लाजते. डोळ्यांखाली काळं, केस बांधलेले नाहीत. वाटीभर साखर हवी होती म्हणाली. साखर त्यांच्याकडे नसेल हे मला खरं वाटलं नाही. मी वाटी भरून दिली तरी ती जाईना. दारातच बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभी राहिली.

मी विचारलं, "जेवली का गं?"

तिनं हसून हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला रडूच फुटलं. "मम्मी जी के बाद किसी ने पूछा नहीं, काकू।"

मी बाळाला घेतलं. तिला म्हटलं, हात धू. त्या दिवशी घरात नुसती खिचडी होती, तीही यांच्यासाठी झाकून ठेवलेली. मी झाकण काढलं आणि दोन ताटं वाढली. यांना म्हटलं, तुम्ही जरा थांबा, दुसरी टाकते. ते बाळाला घेऊन अंगणात गेले. आम्ही दोघी समोरासमोर मांडी घालून बसलो. खिचडी गरम होती, रश्मी फुंकर मारून मारून खात होती, आणि मलाही, कितीतरी दिवसांनी, भूक लागली होती.