व्हर्ना वीबचा न गळणारा ट्रेलर

गेल्या उन्हाळ्यात जावयाच्या कपाळावर पाणी पडलं आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

सॅस्काटून शहराच्या उत्तरेला गव्हाच्या शेतांमध्ये एक लहानसं गाव आहे. व्हर्ना वीब आणि तिचा नवरा हार्व तिथे राहतात. व्हर्नाने सगळी उमर शाळेची बस चालवण्यात घालवली. हार्व धान्याच्या कोठारावर वजनं करायचा. आता दोघंही घरी असतात, आणि घराइतकाच जीव ज्याच्यावर आहे तो ट्रेलर अंगणात असतो. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर ते. दोन टोकांना दोन पलंग, मधे जेवायचं टेबल आणि बाकं, एक शेगडी, आणि हार्व आडवा उभा राहिला तर कुणी पलीकडे जाऊ शकणार नाही एवढी रुंदी. मुलगी शार्लीन लहान होती तेव्हापासून दर जुलैत तो विलो तळ्याकाठी जातो.

शार्लीन आता कॅल्गरीला असते. तिचा नवरा डेव्हिन बोलायला गोड, पण झोपेचा नाजूक. गेल्या वर्षी पहाटेच्या पावसात छतातून पहिला थेंब त्याच्या कपाळावर पडला. बिचाऱ्याने कूस बदलली. थेंबानेही जागा बदलली. सकाळी सगळे उठले तेव्हा तो रेनकोट घालून बाकावर बसला होता आणि पलंगावर व्हर्नाच्या निळ्या, पोचे पडलेल्या पातेल्यात पाणी टपटपत होतं. निघताना शार्लीन हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी हॉटेलच बघायचं का? डेव्हिनने एक शोधलंय. आत पाण्याची घसरगुंडी आहे."

व्हर्नाच्या काळजात ती घसरगुंडी रुतली. वर्षातून एकदाच नातवंडं हाताला लागतात, तीही हॉटेलात गेली तर उरलं काय? "एकदा या," ती म्हणाली. "फक्त यंदा. मी ट्रेलर असा करते की ओळखणार नाहीस. मुलं स्वतःहून परत येतो म्हणाली नाहीत, तर तुमची घसरगुंडी तुम्हाला लखलाभ."

आणि मग तिने पदर खोचला म्हणावं, तर तिचा पदर नव्हता. हार्वची जुनी डांगरी होती, तीच चढवली.

बर्फ वितळल्यावर ती शिडी लावून छतावर गेली ती जेवायलाच काय ती खाली यायची. खिडक्या, धुराडी, कडा, जिथे जिथे जोड होता तिथलं जुनं, तडकलेलं लुकण तिने खरवडून काढलं, जागा पुसून कोरडी केली आणि नवं लुकण असं ओतलं, की हार्व म्हणाला, "केकवरसुद्धा तू इतकं क्रीम घालत नाहीस." एका कोपऱ्यात भिंत दाबली तर बोट आत गेलं. तिथली कुजलेली लाकडं काढून नवी बसवली. हिवाळ्यात उंदरांनी कटलरीच्या खणात संसार थाटला होता, तो हलवला आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या भोकांत तारेची घासणी कोंबली. चाकं काढून आतल्या बेअरिंगना ग्रीस भरलं. हे सगळं ती दरवर्षी थोडंफार करायचीच. यंदा मात्र ती तिथे थांबली नाही. तपकिरी कपाटं पांढरी झाली. जमिनीवर फिकट रंगाची नवी फरशी आली. बाकांच्या गाद्यांना आभाळी रंगाचे अभ्रे आले. डेव्हिनच्या उशाशी फोन चार्जिंगला लावायला जागा झाली, आणि त्याच्या पाठीखाली अशी गादी आली, की हार्व एकदा सहज आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही.

"छताच्या झरोक्याचं झाकणपण बदलायचं का?" हार्वने खालून विचारलं. "उन्हाने पिवळं पडलंय."

"त्याला काय धाड भरलीय? घासलं की लख्ख होईल."

तिने ते घासून लख्ख केलं. निळं पातेलं मात्र कचऱ्यात टाकलं. न गळणाऱ्या ट्रेलरमध्ये त्याचं काम काय? हार्वने ते गुपचूप उचललं आणि ट्रेलर ओढणाऱ्या आपल्या पिकअप गाडीत नटबोल्ट ठेवायला घेतलं.

विलो तळ्यावर शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे करमणूक असते. आधी येऊन बसलेली मंडळी आपापल्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात, आणि नव्याने येणारे नवराबायको ट्रेलर मागे घेताना कसे भांडतात ते बघतात. वीब कुटुंबाकडून मात्र नेहमीच निराशा होते. गाडी व्हर्ना चालवते. मागे उभा हार्व दोन्ही हातांनी माश्या हाकलल्यासारखं काहीतरी करत असतो, ती आरशात त्याच्याकडे न बघता ट्रेलर एका दमात झाडांमध्ये बसवते, आणि हार्व टाळ्यांना वाकून नमस्कार करतो.

"काय गं व्हर्ना, एवढं चकचकीत काय आणलंयस? दवाखाना?" शेजारच्या जागेवरून कॉर्नी पेनर ओरडला. कॉर्नी तिचा दूरचा भाऊ. अर्थात या गावांमधले मेनोनाइट पंथाचे लोक सगळेच एकमेकांचे दूरचे भाऊ असतात. त्याचा ट्रेलर व्हर्नाच्याहून जुना, दार कायम उघडं, आतून तळलेल्या सॉसेजचा वास आणि दोन ओले कुत्रे हमखास बाहेर येणार.

"तुझ्यासारखा गोठा नाही ठेवला मी," व्हर्ना म्हणाली. "आणि आत यायचं असेल तर बूट बाहेर."

थोड्याच वेळात कॅल्गरीची गाडी आली. नऊ वर्षांची ब्रिन आणि तिचा धाकटा भाऊ एमेट उतरले ते थेट ट्रेलरमध्ये. एमेटने छताकडे बघत एक चक्कर मारली. आजीला ही मुलं ओमा म्हणतात, आजोबांना ओपा.

"ओमा, कुठे गळतंय?"

"कुठेच नाही, सोन्या. ओमाने सगळं बंद केलंय."

"कुठेच नाही?" त्याचा चेहरा उतरला. व्हर्नाला वाटलं, बापाने शिकवून पाठवलंय. पण डेव्हिन खरोखरच हरखला होता. गादी दाबून बघत होता, "वा, वा" करत होता. शार्लीनने पांढऱ्या कपाटांवरून हात फिरवला आणि आईला मिठी मारली. व्हर्नाला वाटलं, जिंकले मी.

मग एमेट वाळूने भरलेले पाय घेऊन आत शिरला.

"थांब! पाय!" व्हर्नाने दाराशी पाण्याचा टब ठेवला. आधी पाय धुवायचे, मग पुसायचे, मग आत. ओले टॉवेल आत नाहीत. ओले पोहायचे कपडे घालून आभाळी गादीवर बसायचं नाही. केचप बाहेर. रंगीत खडू बाहेर. आणि तळण तर अजिबात नाही, पांढऱ्या कपाटांना तेल चिकटतं. हे सगळं तिने ठरवून केलं नव्हतं. एकेक गोष्ट डोळ्यांसमोर येत गेली आणि तोंडातून निघत गेली.

"ओमा, रोलकुकन?" ब्रिनने विचारलं. पिठाच्या लांब पट्ट्या तेलात फुगवून काढायच्या आणि कलिंगडाच्या फोडींबरोबर खायच्या, याला इकडे रोलकुकन म्हणतात. व्हर्नाचे रोलकुकन म्हणजे विलो तळ्याचा जुलै.

"उद्या, बाहेरच्या शेगडीवर," व्हर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी असा वारा सुटला की बाहेरची शेगडी पेटेना. रोलकुकन राहिले. मुलं पाय धुण्याला इतकी कंटाळली की त्यांनी आत येणंच सोडलं. दुपारी व्हर्ना कलिंगड कापायला बसली तेव्हा ट्रेलर अगदी स्वच्छ होता, शांत होता आणि त्यात ती एकटी होती. कॉर्नीच्या गोठ्यातून मात्र हसण्याचा नुसता गदारोळ चालला होता. खिडकीतून तिला दिसलं, एमेट बुटांसकट बाकावर उभा आणि एका कुत्र्याच्या डोक्यावर ब्रिनची टोपी.

संध्याकाळी ब्रिन हार्वच्या मांडीवर टेकून विचारत होती. ट्रेलरची भिंत पातळ असते, व्हर्नाला आत सगळं ऐकू आलं.

"ओपा, पुढच्या वर्षी आम्ही कॉर्नीकाकांच्या ट्रेलरमध्ये राहिलो तर ओमाला राग येईल?"

"आपल्या ट्रेलरला काय झालं गं?"

"काही नाही. छान आहे. पण तो ओमाचा आहे ना."

 व्हर्ना पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. शार्लीन आत आली, तिने बूट काढले, पाय धुतले, पुसले, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आई, अगं, दमलीस का?"

"मी कशाला दमेन? तुमची ती घसरगुंडी... बुकिंग कधी करावं लागतं तिचं?"

"बघू गं," शार्लीन म्हणाली. नाही म्हणाली नाही, एवढं व्हर्नाच्या बरोबर लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दुपारी, तळ्यापलीकडचं आभाळ हिरवट काळं झालं. इकडच्या माणसाला त्या रंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. "गारा!" हार्व ओरडला. डेव्हिन पाण्यातून मुलांना ओढत पळत सुटला. शार्लीनने टॉवेल डोक्यावर घेतले. कॉर्नीच्या ट्रेलरपुढचा कापडी मांडव वाऱ्याने उलटा होऊन त्याच्याच छतावर आपटला, आणि कॉर्नी दोन्ही कुत्र्यांना काखोटीला मारून उभा राहिला, कुठे जावं ते कळेना.

व्हर्ना दारात होती. समोर टब, टबात पाणी, पाण्यात आता पहिल्या गारा पडत होत्या. पलीकडून चिखलाने माखलेले आठ पाय येत होते. एमेट टबापाशी पोचला आणि अशा गारांतही थबकला. एक पाय वर उचलून त्याने तिच्याकडे पाहिलं.

 तिने टबाला अशी लाथ मारली की तो शेकोटीच्या खड्ड्यापर्यंत गेला.

"या आत! चिखलासकट या! कॉर्नी, तूपण ये, ते गाढव कुत्रेपण आण!"

सगळे आत. डेव्हिन शेवटी आला. नव्या गुळगुळीत फरशीवर त्याचा ओला पाय पडला आणि तो दारापासून थेट टेबलाखाली बसूनच पोचला.

"घसरगुंडी!" एमेट किंचाळला. "ओमाकडेपण आहे!"

हसू आवरेपर्यंत गारा चांगल्याच मोठ्या झाल्या होत्या. छत ताशासारखं वाजत होतं. सगळे वर बघत होते, आणि एकही थेंब येत नव्हता. "मानलं बाई तुला," कॉर्नी म्हणाला. व्हर्ना नुसती मान ताठ करून उभी होती, आणि तेवढ्यात वर कडाड्कन आवाज झाला. उन्हाने ठिसूळ झालेलं, घासून लख्ख केलेलं ते झाकण फुटलं. मूठभर गारा आणि त्यामागून पाण्याची धार सरळ आभाळी गादीवर.

 हार्वने नजर खिडकीबाहेर वळवली. बदलायचं का, असं आपण विचारलं होतं हे तो आयुष्यात पुन्हा बोलणार नव्हता.

"गळतंय!" एमेटने दोन्ही हात वर केले. "ओमा, गळतंय! बघ, गळतंय!"

"पातेलं कुठाय?" ब्रिन खणांमागून खण उघडू लागली. "ओमा, ते निळं पातेलं! मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय त्याचं. कुणाच्याच ट्रेलरमध्ये पातेलं वाजत नाही!"

व्हर्नाने कपाळाला हात लावला. "टाकलं गं मी ते."

हार्व जॅकेट डोक्यावर घेऊन बाहेर पळाला, आणि नटबोल्ट पिकअपमध्ये ओतून पातेलं घेऊन आला. व्हर्नाने नवऱ्याकडे असं पाहिलं की कॉर्नीने उगाचच कुत्र्याशी बोलायला सुरुवात केली. पातेलं धारेखाली गेलं. टण् टण् टण्. मुलांनी त्यावर चमच्यांनी साथ धरली.

व्हर्नाने मागे वळून पांढऱ्या कपाटांकडे एकदा पाहिलं आणि मोठी कढई शेगडीवर ठेवली.

"आई, इथे? तेल उडेल," शार्लीन म्हणाली.

"उडू दे. पीठ मळ तू. कॉर्नी, नुसता बसू नकोस, ते कलिंगड काप."

गारा थांबल्या तरी कुणी बाहेर गेलं नाही. आभाळी गादीवर आता ओला कुत्रा झोपला होता. डेव्हिनच्या केसांतून पाणी गळत होतं आणि तो दोन्ही हातांनी रोलकुकन खात होता.

"त्या हॉटेलचं काय करायचं रे?" शार्लीनने त्याला विचारलं.

"कुठलं हॉटेल?" डेव्हिन तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "ओमा, पुढच्या वर्षी माझी उशी मात्र पलीकडच्या बाजूला हं."

"झाकणाखाली मी झोपणार!" एमेट.

"मी मोठी आहे, मी!" ब्रिन.

व्हर्ना कढईवरून वळली नाही. झाऱ्याने एक रोलकुकन उलटला, जो अजून उलटायचा नव्हता.

सप्टेंबरात तिने नेहमीसारखं नळांतलं पाणी काढलं, थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून गुलाबी औषध भरलं, अभ्र्यांवरचे कलिंगडाचे डाग घासले, न निघाले ते सोडून दिले. झरोक्याचं झाकण आणायला हार्व शहरात निघाला.

"जाड आणू की तसलंच पातळ?" गाडीतून त्याने साळसूदपणे विचारलं.

"जाडच!" व्हर्ना शिडीवरून ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझ्या ट्रेलरमध्ये गळती?"

गाडी वळेपर्यंत ती थांबली. मग खाली उतरली, निळं पातेलं घासून पुसलं आणि टेबलाखालच्या खणात, मुलांचा हात पोचेल असं, नीट ठेवून दिलं.