मिनिटं ओरडणाऱ्या हिरामावशी

ऑपरेशन थिएटरमधले किस्से साठत जातात त्याचं कारण सोपं आहे. आत हसता येत नाही आणि बाहेर सांगता येत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या हॉस्पिटलात मी बारा वर्षं थिएटर सिस्टर आहे, म्हणजे बारा वर्षांचा स्टॉक पडून आहे. त्यातले मिनिटांचे किस्से आज काढते.

मिनिटांचे म्हणजे असं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. त्याच्या तोंडाशी कायमची क्लिप लावायची असते. ती लावताना फुग्यातला जोर कमी व्हावा म्हणून आमचे सर्जन सर आधी मागच्या मुख्य वाहिनीला तात्पुरती क्लिप लावतात. तेवढा वेळ मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून सिस्टरने घड्याळ बघून दर मिनिटाला आकडा सांगायचा आणि सरांनी "ऐकलं" म्हणायचं. नियम सरांचाच. दहाचं ऑपरेशन अकराला सुरू करणारा माणूस मिनिटांबद्दल इतका हळवा असू शकतो, याचं आम्हाला फार कौतुक.

*

माझा आवाज मऊ. पहिल्याच केसला सर म्हणाले, "सिस्टर, मला सांगताय की देवाला?"

तेव्हा कोपऱ्यातून हिरामावशी पुढे आल्या. या आमच्या थिएटरच्या मावशी, पालेगावच्या. जन्मभर दोन शेतं पलीकडच्या माणसाला हाका मारलेल्या. मला म्हणाल्या, "तू नुसती बोटं दाखव. वरडते मी."

मी तीन बोटं दाखवली.

"तीन मिन्टं, सर!"

पार्किंगमधल्या वॉचमननेही ऐकलं म्हणतात. सरांचा हात मात्र हलला नाही. "ऐकलं," ते म्हणाले. तेव्हापासून घड्याळ माझं आणि गळा मावशींचा, अशी वाटणी झाली.

*

मावशींनी ही सेवा थिएटरबाहेरही सुरू केली. सर उशिरा आले की त्या दारातच उभ्या राहायच्या. "वीस मिन्टं, सर."

तिथे मात्र सरांना अजिबात ऐकू यायचं नाही. खाली मान घालून हात धुवायला जायचे.

*

नातेवाइकांना तात्पुरती क्लिप समजावणं हा वेगळाच कार्यक्रम. कात्रपचे एक काका म्हणाले, "तात्पुरती म्हणजे नक्की किती? आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर 'तात्पुरती बंद' अशी पाटी लावली तेव्हा नातू रांगत होता. आता शाळेत जातो."

"तितकी नाही," सर म्हणाले.

उल्हासनगरच्या कापड दुकानदाराची बायको पेशंट होती, तेव्हा तर सौदाच झाला. "डॉक्टरसाब, पाच मिनिट बहुत होता है. लास्ट बोलो."

"लास्ट पाच."

"तीन में करो ना. बहन को भी आपके पास लाऊंगा."

नशिबाने चार मिनिटांत काम झालं. एक मिनिट आपण तोडलं, असं ते अजून दुकानात सगळ्यांना सांगतात.

*

मग एका सकाळी मावशी थिएटरच्या दारातच डोकं धरून खाली बसल्या. स्कॅनमध्ये फुगा दिसला, डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला रक्त देणाऱ्या वाहिनीवर. आमच्या सगळ्यांचे विनोद तिथेच संपले.

टेबलवर झोपवताना मावशींनी मला विचारलं, "आज वरडनार कोन?"

"मी."

"मग मेलेच मी," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

तात्पुरती क्लिप लागली आणि पाचव्या मिनिटाला फुगा फुटला. आता क्लिप काढावी तर रक्त आवरणार नाही, ठेवावी तर मेंदू उपाशी.

"सात मिनिटं, सर."

"ऐकलं."

"नऊ."

"ऐकलं."

"अकरा मिनिटं, सर!"

सर कायमची क्लिप बसवत होते. माझा आवाज त्या दिवशी पार्किंगपर्यंत गेला असणार. बाराव्या मिनिटाला तात्पुरती क्लिप निघाली.

*

मावशी वाचल्या. पण उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. सरांनी त्यांच्या मुलाला आडपडदा न ठेवता सांगितलं, "क्लिप मला हवी होती त्यापेक्षा जास्त वेळ ठेवावी लागली. त्याचा हा परिणाम. हात सुधारेल असं वाटतं. बोलणं परत येईल का, आज नाही सांगू शकत."

मी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. ते आकडे मीच मोजले होते.

त्यानंतर चमत्कार झाला, पण सरांच्या बाबतीत. रोज नऊच्या ठोक्याला वॉर्डात हजर. बारा वर्षांत न जमलेली गोष्ट. रोज खुर्ची ओढून विचारायचे, "मावशी, नाव सांगा. हे काय, पेन? मी कोण?" मावशी नुसत्या बघायच्या. डोळ्यांत पाणी यायचं, शब्द यायचा नाही. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सरांना दुसऱ्या केसमध्ये उशीर झाला. मी मावशींना पेज भरवत होते. मावशींचं लक्ष पेजेवर नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळावर होतं. सर घाईघाईने आत आले, फाइल उघडली, पेन काढलं.

मावशींनी डाव्या हाताने माझा चमचा बाजूला सारला.

"चा... चाळीस मिन्टं, सर."

सरांनी फाइल मिटली.

"ऐकलं," ते म्हणाले.